यॅग घडवताना: पावडर, पारदर्शक चकती आणि धागा

यिट्रियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांची ऑक्साइडं एकत्र करून तापवली की एकच पदार्थ मिळेल, असं नवख्याला वाटतं. प्रत्यक्षात तीन मिळू शकतात. दोन यिट्रियमला एक अ‍ॅल्युमिनियम असलं तर यॅम, दोन्ही समसमान असले तर यॅप आणि तीन यिट्रियमला पाच अ‍ॅल्युमिनियम असं बसलं तर यॅग, म्हणजे यिट्रियम अ‍ॅल्युमिनियम गार्नेट. लेझरला, पांढऱ्या एलईडीतल्या पिवळ्या फॉस्फरला (पिवळा प्रकाश देणाऱ्या पावडरीला) आणि भट्टीच्या आगीत टिकणाऱ्या धाग्यांना हवा असतो तो यॅग. या लेखात त्याचीच पावडर, त्याची पारदर्शक चकती आणि त्याचा धागा कसा करायचा ते पाहू. वाचक एमएस्सी किंवा बीटेकनंतर पहिल्यांदाच सिरॅमिकच्या लॅबमध्ये पाऊल टाकतोय, असं धरून चाललो आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. यॅगचा स्फटिक घन प्रणालीतला आहे. त्यामुळे प्रकाश त्यातून कुठल्याही दिशेने सारख्याच वेगाने जातो, आणि लाखो कण वेड्यावाकड्या दिशांनी एकमेकांना चिकटलेले असले तरी त्यांच्या सीमांवर प्रकाश विखुरत नाही. अ‍ॅल्युमिनाला ही सोय नाही, म्हणून जाड अ‍ॅल्युमिना दुधट दिसतो. निओडिमियम घातलेल्या यॅगच्या एकस्फटिकाचा लेझर 1964 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये चालला. पण असा स्फटिक सुमारे 1950 अंश सेल्सिअसच्या वितळातून, इरिडियमच्या क्रूसिबलमधून, फार सावकाश ओढावा लागतो. शिवाय निओडिमियम वितळातच मागे राहायला बघतं, स्फटिकात फारसं शिरत नाही. 1995 मध्ये जपानमध्ये अकिओ इकेसुए आणि सहकाऱ्यांनी पावडर दाबून, भाजून केलेल्या यॅगमधून एकस्फटिकाच्या तोडीचा लेझर मिळवून दाखवला. तेव्हापासून हा रस्ता गंभीरपणे घेतला जाऊ लागला.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. भट्टी कितीही महागाची असो, यॅगचा निकाल वजनकाट्यावर आणि मिलिंगच्या बरणीत लागतो. तिथे चुकलेलं भट्टी दुरुस्त करत नाही.

पहिली पायरी: वजन

100 ग्रॅम यॅगसाठी 57.06 ग्रॅम यिट्रिया आणि 42.94 ग्रॅम अल्फा अ‍ॅल्युमिना लागतो. दोन्हींची शुद्धता किमान 99.99 टक्के हवी. आकडे सोपे आहेत, अडचण यिट्रियाची आहे. तो हवेतली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. डबा उघडून आठवडा झाला असेल, तर तुम्ही मोजलेल्या 57 ग्रॅममध्ये थोडं पाणी आणि थोडं कार्बोनेटही असतं. म्हणून मोजण्यापूर्वी यिट्रिया 1000 अंशांवर दोन तास भाजा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा आणि लगेच वजन करा. दुसरा मार्ग म्हणजे दर वेळी थोडा नमुना भाजून किती टक्के वजन घटलं ते काढायचं आणि तेवढी भर घालायची. मला पहिला मार्ग बरा वाटतो, कारण दुसऱ्यात आकडेमोड विसरण्याची सोय फार आहे.

एवढी काटेकोर काळजी कशासाठी? गार्नेटचा स्फटिक प्रमाणातली चूक जवळजवळ पोटात घालत नाही. यिट्रियम थोडं जास्त झालं की यॅपचे बारीक कण दिसू लागतात, अ‍ॅल्युमिनियम जास्त झालं की कणसीमांवर अ‍ॅल्युमिना उरतो. दोन्हींचा अपवर्तनांक यॅगपेक्षा वेगळा, म्हणजे प्रकाश विखुरणार. भट्टीतून दुधट चकती निघाली की सगळे व्हॅक्यूमला दोष देतात. पुष्कळदा खोट वजनात असते.

दुसरी पायरी: पावडर करण्याचा मार्ग निवडा

मार्ग मुख्यतः तीन आहेत. चकती करायची असेल आणि हाती चांगली व्हॅक्यूम भट्टी असेल, तर नवख्याने घन-अवस्था अभिक्रियेपासून सुरुवात करावी. यात दोन्ही ऑक्साइडं फक्त एकत्र घोटायची असतात, यॅग बनतो तो शेवटी भट्टीतच. रसायनाच्या मार्गाने, म्हणजे सहअवक्षेपणाने (द्रावणातले दोन्ही धातू एकदम साक्याच्या रूपात खाली बसवून), जास्त बारीक आणि एकजीव पावडर मिळते, पण हात बसायला वेळ लागतो. तिसरा मार्ग ज्वलनाचा. तो झटपट आहे, फॉस्फरच्या प्राथमिक चाचण्यांना उत्तम, पण पारदर्शक चकतीसाठी त्याच्या नादी लागू नये.

घन-अवस्था मार्ग

मोजलेली ऑक्साइडं अ‍ॅल्युमिनाच्या गोळ्यांसह बरणीत घाला, पावडर बुडून वर थोडं राहील इतकं शुद्ध इथेनॉल ओता आणि 12 ते 20 तास फिरवा. सोबत भाजणीचा साहाय्यक म्हणून टीईओएस (टेट्राएथिल ऑर्थोसिलिकेट, सिलिकॉनचं एक द्रवरूप संयुग) घालतात, एकूण पावडरीच्या अर्धा टक्का वजनाइतकं. भाजल्यावर त्यातून सिलिका उरतो, तोही जेमतेम 0.14 टक्के. उच्च तापमानाला हा सिलिका कणांच्या सीमांवर थोडासा द्रव तयार करतो आणि छिद्रं बाहेर ढकलायला मदत करतो. जास्त घातला तर तोच उरतो आणि प्रकाश अडवतो.

आता एक गोष्ट जी प्रोटोकॉलमध्ये बहुधा लिहिलेली नसते. अ‍ॅल्युमिनाचे गोळे झिजतात आणि ती झीज तुमच्या पावडरीत मिसळते. 100 ग्रॅमच्या बॅचमध्ये 0.2 ग्रॅम झीज आली तर अ‍ॅल्युमिना जवळपास अर्ध्या टक्क्याने वाढला. प्रमाण बिघडायला एवढं पुरतं. म्हणून मिलिंगच्या आधी आणि नंतर गोळे धुऊन, वाळवून तोला. फरक वहीत लिहा आणि पुढच्या बॅचमध्ये अ‍ॅल्युमिना तेवढा कमी घ्या. झिर्कोनियाचे गोळे वापरणारेही आहेत, पण मग झिर्कोनियम आत शिरतं.

घोटून झालेलं मिश्रण ओव्हनमध्ये तसंच ठेवून दिलं तर जड कण खाली बसतात, हलके वर राहतात. ढवळत ढवळत वाळवा, शक्य असेल तर रोटरी इव्हॅपोरेटरवर. मग 100 किंवा 200 मेशच्या नायलॉन चाळणीतून काढा. स्टीलची चाळणी नको, लोखंड आलं की चकतीला रंग येतो. शेवटी 600 ते 800 अंशांवर हवेत काही तास भाजून सेंद्रिय अंश घालवा. या टप्प्याला पावडरीत यॅगचा पत्ताही नसतो, फक्त दोन ऑक्साइडांचं मिश्रण असतं. ते तसंच अपेक्षित आहे.

सहअवक्षेपण

10 ग्रॅम यॅगसाठी यिट्रियम नायट्रेट हेक्झाहायड्रेट 19.36 ग्रॅम आणि अ‍ॅल्युमिनियम नायट्रेट नोनाहायड्रेट 31.60 ग्रॅम लागतं, असं कागदावर निघतं. पण नायट्रेटच्या बाटलीवर लिहिलेल्या पाण्याच्या रेणूंवर विश्वास ठेवू नका. दोन्हींची द्रावणं वेगवेगळी करा, प्रत्येकाचं ठराविक आकारमान प्लॅटिनम किंवा अ‍ॅल्युमिनाच्या क्रूसिबलमध्ये सुकवून पूर्ण भाजा, उरलेलं ऑक्साइड तोला आणि त्यावरून द्रावणाची खरी तीव्रता काढा. एक दिवस जातो, पण मग महिनाभर त्याच द्रावणांवर निर्धास्तपणे काम करता येतं.

नवख्यांना सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे कशात काय ओतायचं. क्षारांच्या द्रावणात अमोनिया थेंब थेंब टाकत गेलात तर सामू हळूहळू चढतो. अ‍ॅल्युमिनियम आम्लधर्मी पट्ट्यातच, आधी खाली बसतं. यिट्रियम बरंच नंतर, सामू सातच्या आसपास गेल्यावर. दोन्ही आपापल्या वेळी बसल्यामुळे एकजीवपणाचा हेतूच मोडतो. म्हणून उलटं करायचं: अमोनियम बायकार्बोनेटचं द्रावण बीकरमध्ये घ्या, साधारण दीड मोलर, आणि जोरात ढवळत त्यात क्षारांचं द्रावण ब्यूरेटने किंवा पेरिस्टाल्टिक पंपाने मिनिटाला काही मिलिलिटर या गतीने सोडा. सामू आठच्या आसपास राहतो आणि पडणाऱ्या प्रत्येक थेंबातलं यिट्रियम आणि अ‍ॅल्युमिनियम एकदमच खाली बसतं. सामू फार वर नेला तर अ‍ॅल्युमिनियम पुन्हा विरघळायला लागतं, हेही लक्षात असू द्या. बायकार्बोनेटने मिळणारा साका कार्बोनेटयुक्त, भुसभुशीत असतो. नुसत्या अमोनियाने मिळणारा चिकट जेलीसारखा असतो, गाळताना नाकी नऊ येतात आणि वाळला की दगड होतो.

साका काही तास मुरू द्या, मग गाळा. डिआयोनाइज्ड पाण्याने चार-पाच वेळा धुवा आणि शेवटचे दोन हात इथेनॉलचे द्या. पाणी वाळताना कणांना एकमेकांकडे ओढतं आणि त्यांच्यात पक्के बंध तयार होतात. इथेनॉलचा पृष्ठताण कमी असल्याने गठ्ठे सैल राहतात. धुण्यात कंजुषी करू नका, याला आणखी एक कारण आहे. या अभिक्रियेत अमोनियम नायट्रेट तयार होतं. न धुतलेला साका मोठ्या प्रमाणात भट्टीत घालणं धोक्याचं आहे.

वाळलेला साका 1100 ते 1200 अंशांवर दोन-चार तास भाजला की यॅगची पावडर हाती येते. चांगल्या एकजीव साक्यातून यॅग 1000 अंशांच्या आसपासच तयार होतो, मधले टप्पे जवळपास दिसतच नाहीत. घन-अवस्थेत मात्र आधी यॅम, मग यॅप आणि शेवटी 1400 अंशांच्या पुढे यॅग, अशी रांग लागते. तुमच्या साक्यातून 900-1000 अंशांना यॅम किंवा यॅप भरपूर दिसत असेल तर मिसळण एकजीव झालेली नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

ज्वलन

हा मार्ग आपल्याकडे जुना आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. सी. पाटील आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1988 पासून नायट्रेट आणि युरिया यांच्या मिश्रणातून अ‍ॅल्युमिना आणि अ‍ॅल्युमिनेटं करून दाखवली. कृती थोडक्यात अशी: नायट्रेटं आणि युरिया थोड्या पाण्यात विरघळवून रुंद भांड्यात घ्यायचं आणि 500 अंशांवर आधीच तापलेल्या मफल भट्टीत ठेवायचं. मिश्रण उकळतं, फेसाळतं, पेट घेतं आणि काही मिनिटांत फुगलेली राख उरते. काम फ्यूम हूडमध्येच करा, तपकिरी धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो. बॅच लहान ठेवा आणि भांडं भरपूर मोठं घ्या. युरियाऐवजी सायट्रिक आम्ल घेतलं तर 80 अंशांना आधी जेल होतो आणि ज्वलन तुलनेने शांत असतं.

तिसरी पायरी: तपासणी, भाजण्यापूर्वी

एक्सआरडीमध्ये (क्ष-किरण विवर्तनात), तांब्याच्या लक्ष्यावर, यॅगचं सर्वांत उंच शिखर 33.3 अंशांच्या कोनाला (2θ) येतं. यॅपचं साधारण 34.3 अंशांना, तर न जुळलेल्या यिट्रियाचं 29.1 च्या जवळ. 33.3 आणि 34.3 ही दोन शिखरं शेजारी असल्याने स्कॅन सावकाश करा, घाईच्या स्कॅनमध्ये यॅप लपतो. आणि एक्सआरडी स्वच्छ आला म्हणून खुश होऊ नका, एक-दोन टक्क्यांखालचं काही त्याला सहसा दिसत नाही. भाजलेल्या, पॉलिश केलेल्या नमुन्यावर एसईएमचं (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं) बॅकस्कॅटर चित्र घ्या, त्यात जड अणूंचा भाग उजळ दिसतो. अ‍ॅल्युमिनाचे कण त्यात काळे आणि यॅपचे जास्त उजळ दिसतात. प्रमाण कोणत्या बाजूला ढळलं, याचं इतकं सरळ उत्तर दुसऱ्या कुठल्या उपकरणाकडे नाही.

चौथी पायरी: चकती दाबणं

डायमध्ये (साच्यात) 20 ते 30 मेगापास्कलने हलकेच दाबून आकार द्या, मग रबरी पिशवीत हवा काढून बंद करा आणि कोल्ड आयसोस्टॅटिक प्रेसमध्ये 200 मेगापास्कलवर दाबा. डायमधला दाब एकाच अक्षावर असतो, कडेला आणि मधोमध घनता सारखी होत नाही. आयसोस्टॅटिक, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखा, दाब ते निस्तरतो. पारदर्शक चकतीसाठी बाइंडर (कण चिकटवणारा पदार्थ) टाळलेलाच बरा.

कच्च्या चकतीची घनता यॅगच्या 4.55 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या निम्मी भरली, तर भाजल्यावर प्रत्येक बाजू साधारण 20 टक्क्यांनी आक्रसते. 20 मिलिमीटरची चकती 16 वर येते. डाय घेताना हा हिशेब आधी करा.

पाचवी पायरी: व्हॅक्यूममध्ये भाजणं

हवेत भाजून पूर्ण पारदर्शकता मिळत नाही. छिद्रं बंद होताना आत अडकलेल्या नायट्रोजनला बाहेर पडायला वाट नसते, त्यामुळे छिद्र आक्रसत आक्रसत थांबतं. म्हणून व्हॅक्यूम. टंगस्टनच्या हीटरची भट्टी मिळाली तर उत्तम. ग्रॅफाइटच्या भट्टीत कार्बन चकतीत शिरतो आणि करडी छटा सोडतो.

साधारण क्रम असा: 1000 अंशांपर्यंत मिनिटाला पाच अंश, पुढे दोन अंश, आणि 1750 च्या आसपास 5 ते 20 तास मुक्काम. सगळ्यांत वाईट सवय म्हणजे वरचं तापमान पटकन गाठणं. कण वेगाने वाढू लागले की छिद्रं कणसीमा सोडून कणाच्या पोटात अडकतात. तिथून त्यांना बाहेर काढण्याचा व्यवहार्य उपाय नाही. हॉट आयसोस्टॅटिक प्रेसही (तापवून वायूच्या दाबाने सगळीकडून दाबणारं यंत्र) फक्त कणसीमांवरची, पृष्ठभागाशी न जोडलेली छिद्रं मिटवतो. त्यामुळे तो वापरायचा असेल तर व्हॅक्यूमची भाजणी कमी तापमानाला थांबवून कण लहान ठेवावेत.

भट्टीतून निघालेली चकती काळपट दिसली तर घाबरू नका. व्हॅक्यूममध्ये स्फटिकातला थोडा ऑक्सिजन निघून गेलेला असतो. हवेत 1400 ते 1450 अंशांवर 10-20 तास ठेवली की रंग जातो. सिरियम घातलेल्या यॅगच्या बाबतीत मात्र जपून: हवेत जास्त भाजलं तर तीन प्रभाराचं सिरियम चार प्रभाराचं होऊन पिवळा प्रकाश घटतो.

मग दोन्ही बाजू आरशासारख्या पॉलिश करून पारगमन मोजा. यॅगचा अपवर्तनांक सुमारे 1.82 असल्याने नुसत्या परावर्तनातच प्रकाश वजा होतो आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यात जास्तीत जास्त 84 टक्के पलीकडे जातो. म्हणून 82 टक्के हा आकडा उत्तम आहे, 90 टक्के आला तर उपकरण तपासा. आर्किमिडीजच्या पद्धतीने घनता मोजून पारदर्शकतेचा अंदाज बांधता येत नाही. 99.9 टक्के घनतेची चकतीही दुधट असू शकते आणि तेवढा सूक्ष्म फरक त्या पद्धतीला सहसा पकडता येत नाही.

धागे: वेगळा खेळ

चकतीत पारदर्शकता हवी असते. धाग्यात हवी असते मजबुती, आणि त्याहून जास्त, तापलेल्या अवस्थेत भाराखाली सावकाश न लांबण्याची क्षमता, म्हणजे क्रीप-प्रतिकार. यॅगच्या एका एकक पेशीत 160 अणू असतात. इतक्या मोठ्या रचनेत स्फटिकाचे थर एकमेकांवरून घसरणं अवघड, म्हणून ऑक्साइडांमध्ये यॅग क्रीपला फार चांगला टिकतो. 1990 च्या दशकात अमेरिकेत जेट इंजिनांच्या सिरॅमिक कंपोझिटसाठी यॅगच्या धाग्यांवर बरंच काम झालं, ते याच आशेवर.

एकस्फटिकाचा धागा हवा असेल तर लेझरने दांड्याचं टोक वितळवून त्यातून धागा ओढतात, किंवा मायक्रो-पुलिंग-डाउनने बारीक छिद्रातून खाली खेचतात. दोन्हींना खास यंत्रं लागतात, सुरुवातीला त्यात पडू नका. बहुस्फटिकी धागा सोलपासून, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या मिश्रणापासून, करता येतो.

त्यासाठी अ‍ॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेटचं द्रावण घ्या, त्यात गार्नेटच्या प्रमाणात यिट्रियम असिटेट विरघळवा आणि थोडं पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) घाला. मग 60-80 अंशांवर पाणी उडवत आटवत न्या. सोल कताईला तयार झाला की नाही, हे व्हिस्कोमीटरच्या आधी काचेच्या कांडीने कळतं: बुडवून वर उचला. पाकाची तार पाहतो तसंच पाहायचं. धागा थेंब न होता हातभर ओढला जायला हवा. थेंब थेंब तुटला तर अजून आटवा, रबरासारखा मागे आखडला तर जास्त आटलाय. दुसऱ्या दिवशीसाठी सोल ठेवताना झाकण घट्ट लावा.

हा सोल बारीक छिद्रांच्या स्पिनरेटमधून दाबाने सोडून फिरत्या ढोलावर गुंडाळतात. आसपासची हवा फार दमट असली की धागे एकमेकांना चिकटतात. पावसाळ्यात मुंबई किंवा पणजीच्या लॅबमध्ये डीह्युमिडिफायरशिवाय हे काम होणं कठीण. स्पिनरेट नसेल तर इलेक्ट्रोस्पिनिंग करा: नायट्रेटं आणि पीव्हीपी (पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन), पाणी-इथेनॉलमध्ये, सुईला 15-20 किलोव्होल्ट, जाळीपासून 10-20 सेंटिमीटर अंतर. मिळतात ते नॅनो जाडीचे धागे, चटईसारखे. त्यांच्यावरून भाजणीचा क्रम आणि प्रावस्था शिकता येतात, ताणशक्तीची चाचणी मात्र नाही.

भाजणीत धाग्याचं खरं मरण 150 ते 600 अंशांच्या मध्ये असतं. पाणी, असिटेट, क्लोराइड, पीव्हीए, सगळं याच पट्ट्यात बाहेर पडतं. मिनिटाला एक अंशाहून वेगाने गेलात तर धागा फुगतो, आतून पोकळ होतो किंवा भुकटी होतो. भट्टीत वाफ सोडली तर क्लोरीन आणि कार्बन जास्त नीट निघून जातात. हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, म्हणून बाहेर जाणारी नळी थेट एक्झॉस्टला जोडा. भट्टीची गुंडाळीही तो खातो. 900 अंशांच्या आसपास यॅग स्फटिकतो. त्यापुढे उलट करायचं, 1400-1500 अंशांपर्यंत पटकन न्यायचं आणि मुक्काम मिनिटांचा ठेवायचा, तासांचा नाही. 10 मायक्रॉनच्या धाग्यात दोन-तीन मायक्रॉनचे कण झाले की त्याची मजबुती गेली.

इथे एक पेच आहे आणि तो सुटलेला नाही, फक्त तडजोड होते. कण बारीक ठेवले तर थंड असताना धागा बळकट, पण तापल्यावर क्रीप जास्त. कण मोठे केले तर उलट. धागा कुठे वापरायचा ते ठरल्याशिवाय भाजणीचं शेवटचं तापमान ठरवता येत नाही.

ताणशक्ती मोजताना एकेक धागा सुटा करून कागदी चौकटीवर चिकटवा, 25 मिलिमीटर लांबी धरा आणि किमान 30 धागे तोडा. आकडे विखुरलेले येणारच, सिरॅमिक सर्वांत मोठ्या दोषापाशी तुटतं. नुसती सरासरी न देता वायबुल आलेख (कोणत्या ताणाला किती धागे तुटतात ते दाखवणारा) काढा. प्रत्येक धाग्याची जाडी तो तुटला त्याच जागी मोजा, गुंडाळीवरची सरासरी जाडी चालणार नाही. जाडी वर्गात येते, त्यामुळे 10 मायक्रॉनमध्ये एका मायक्रॉनची चूक म्हणजे ताणशक्तीत जवळपास 20 टक्क्यांची चूक. तुटलेली टोकं ग्लिसरीनच्या थेंबात पकडली तर उडून जात नाहीत; नंतर धुऊन एसईएमखाली पाहिली की तुटण्याची सुरुवात छिद्रापासून झाली, पृष्ठभागावर चिकटलेल्या दुसऱ्या धाग्याच्या खुणेपासून झाली की एखाद्या अवाढव्य कणापासून, ते ओळखता येतं. छिद्र असेल तर 600 अंशांखालचा क्रम सावकाश करा, चिकटल्याची खूण असेल तर कताईच्या खोलीतली आर्द्रता पाहा, आणि कण असेल तर वरचा मुक्काम कमी करा.